एका दिवसाची गैरहजेरी

शाळा उघडायच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नसतं, हे आधीच सांगून टाकते. त्यात ही शाळा मला नवी. सुट्टीत बदली होऊन मी इथे मुख्याध्यापिका म्हणून आले, आणि कुठली किल्ली कुठल्या कपाटाची एवढंही मला कुणी धड सांगितलं नव्हतं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझा पहिलाच दिवस मला नऊ दिवसांचा कंटाळा देत होता.

या शाळेची पद्धत अशी की पहिल्या दिवशी तास होत नाहीत. सगळी शाळा सभागृहात बसते आणि गेल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी शाळेचं नाव काढलं त्यांना व्यासपीठावर बोलावून बक्षीस देतात. आईवडलांनाही बोलावतात. विज्ञान प्रदर्शनात पहिला आलेला मुलगा, लांब उडीवाली मुलगी, वक्तृत्वाची ढाल आणणारा एक पोपट, ज्याला बोलतं करायला बक्षीस लागत नाही, गप्प करायला लागेल. यादी मागच्या सरांनीच करून ठेवली होती. मी तिच्यात एकच बदल केला. शेवटी कोपऱ्यात टाकलेलं हजेरीचं बक्षीस उचलून मी सगळ्यात वर नेलं.

का, तर माझं एक मत आहे आणि ते मी संधी मिळेल तिथे ऐकवते. हुशारी देवाची देणगी, उंची आईबापांची, पण हजेरी ही ज्याची त्याची कमाई. आणि इथे तर दहावीत गेलेली एक मुलगी होती, जी पाचवीपासून एकही दिवस घरी राहिली नव्हती. वर्गातल्या मुली तिला खांब म्हणायच्या. भिंतीला रजा मिळेल, खांबाला मिळायची नाही, असा त्यांचा विनोद. मी तिच्यासाठी चार ओळी लिहून पाठ केल्या होत्या. करंडक टेबलावर पुसून ठेवला होता.

कार्यक्रमाला थोडा वेळ होता, तेव्हा दारात एक उंच, सडपातळ मुलगी येऊन उभी राहिली.

"मोठ्या बाई, आत येऊ?"

"ये. तूच ना खांब?"

ती हसली नाही. "बाई, ते बक्षीस मला नको."

मला वाटलं, नेहमीचंच. व्यासपीठाची भीती. "अगं, वर ये, करंडक घे, खाली जा. खाणार नाही तुला कुणी."

"तसं नाही. मी एक दिवस गैरहजर होते. तेवढी गैरहजेरी लावून द्या."

आता आली का पंचाईत! मी गेल्या वर्षीचा हजेरीपट काढला, चष्मा लावला आणि तिच्या नावापुढची ओळ बोटाने चाचपत गेले. सलग हजर. एका जागी खाडाखोडसुद्धा नाही.

"इथे तर तू रोज हजर आहेस."

"होते. पण त्या दिवसाची गैरहजेरी लावा. सहामाहीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस."

माझा पारा चढला. मुलं गैरहजेरी खोडायला सांगतात, त्याची मला सवय आहे. हे उफराटंच. "हे बघ, आजवर मी कुणाची खोटी हजेरी लावली नाही. खोटी गैरहजेरी तरी कशी लावू? काय होतं त्या दिवशी?"

"आमच्या बाईंना विचारा," ती म्हणाली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

तिच्या वर्गशिक्षिकेला मी बोलावून घेतलं. गणिताच्या बाई. यांचा आवाज खालच्या मजल्यावर लागला की वरच्या मजल्यावरची मुलं पाढे म्हणायला लागतात, अशी ख्याती. हातात पाहुण्यांना लावायची फुलं आणि टाचण्या घेऊन त्या आल्या, मुलीला बघितलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारख्या उभ्या राहिल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाल्या, "तिची आई गेली त्या दिवशी."

मी चटकन मुलीकडे वळले. "अगं, मग तू शाळेत कशाला आलीस?"

माणसाच्या तोंडून काय काय निघतं! पण निघालं खरं.

"मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

मग गणिताच्या बाईंनी सांगितलं ते असं. आई बरेच दिवस दवाखान्यात होती. त्या दिवशी शाळा भरल्यावर वडलांचा फोन आला की आता काही खरं नाही, पण पोरीला सांगू नका. शाळा सुटली की तिचा काका न्यायला येईल. आधीचे सर म्हणाले, ठीकच आहे. मधेच सोडलं तर अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागेल, सगळ्या वर्षांची तपश्चर्या पाण्यात. आज शेवटचा दिवस, मग सुट्टीच आहे. शिक्षकांना ताकीद मिळाली की तिला काही कळू द्यायचं नाही. काका तिला घेऊन पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

"आम्ही तिचं भलंच बघितलं हो," गणिताच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली टाचणी फुलात अर्धीच खुपसलेली राहिली होती.

"त्या दिवशी मी कंपास विसरले होते," मुलगी म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघून सांगत होती. "बाई ओरडल्या नाहीत. स्वतःचा दिला. मला इतकं बरं वाटलं. मी ठरवलं, घरी गेल्यावर आईला हे सांगायचं." मग थांबून म्हणाली, "सुट्टीनंतर आले तर बाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, एवढं झालं, पण बरं झालं, हजेरी तरी मोडली नाही."

गणिताच्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

माझा राग असा आहे की त्याला समोर कुणीतरी लागतं. इथे समोर कुणी नव्हतं. सगळ्यांनी मिळून पोरीचं भलं केलं होतं, आणि त्या भल्याचा करंडक माझ्या टेबलावर चकचकत होता. मी तो उचलला आणि खाली, कचऱ्याच्या टोपलीमागे ठेवला. तेवढंच सुचलं. मनात मात्र सारखं येत होतं की आधीच्या सरांच्या जागी मी असते तर? मीही कदाचित तेच म्हटलं असतं. अर्धाच तर दिवस राहिलाय, असं. त्या विचाराने मला स्वतःचीच किळस आली.

"तुझे वडील आलेत का?" मी विचारलं.

"सभागृहात आहेत. त्यांना नका बोलावू."

"का?"

"ते बोलत नाहीत त्यावर. मीही नाही बोलत."

मी शिपायाला पाठवलंच. मोठ्या बाई म्हणवून घ्यायचं तर कधीतरी कुणाचं न ऐकायचा अधिकारही वापरावा लागतो.

वडील वायरमन होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण खिशातला टेस्टर काढून ठेवायला विसरले होते. दारातूनच त्यांनी आधी मुलीकडे, मग माझ्याकडे बघितलं. "काही चुकलं का तिचं?"

मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं की सगळे बाप हेच विचारतात. "तिचं नाही," मी म्हटलं. "बसा."

मी त्यांना सरळ सांगितलं, तिला बक्षीस नको आहे, त्या दिवसाची गैरहजेरी हवी आहे. त्यांनी ते ऐकलं आणि बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"बाई, ती ओळखू येत नव्हती हो," शेवटी ते म्हणाले. "नळ्या लावलेल्या. अंगात काही राहिलंच नव्हतं. पोरीच्या डोळ्यांत आई तशी राहू नये, असं वाटलं मला."

"तशी नाही राहिली," मुलगी कपाटाजवळून म्हणाली. "कशीच नाही राहिली."

त्यांनी मान वर केली नाही. खाली सभागृहात कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघत होतं, त्या फुंकरीचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. शिपाई दारात येऊन खोकून गेला. मी त्याला हातानेच जा म्हटलं.

मला सांत्वन करता येत नाही. लोक करतात, त्यांचं मला नवल वाटतं. मला येतात त्या दोनच गोष्टी, नियम आणि त्याची अंमलबजावणी. म्हणून मी तेच केलं. एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

"विद्यार्थी गैरहजर असला तर पालकांचा अर्ज लागतो. अर्जाशिवाय मी रजा देत नाही. उशिरा का होईना, लिहा."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चेष्टा तर नाही ना म्हणून. मग लिहायला घेतलं. वायरी जोडणारा हात, पण अक्षर शाळेतल्या मुलासारखं, एकेक काढलेलं. मा. मुख्याध्यापिका यांस, विनंती अर्ज. माझी मुलगी त्या दिवशी शाळेत येऊ शकली नाही, कारण. इथे पेन थांबलं.

"कारण काय लिहू?"

"खरं असेल ते."

त्यांनी ती ओळ खोडली. खाली नवी लिहिली. मी उलट्या बाजूने वाचत होते. तिची आई त्या दिवशी वारली. तिला आईजवळ असायला पाहिजे होतं. मी तिला बोलावलं नाही.

मुलगी कधी टेबलाजवळ आली ते मला कळलं नाही. तिने वाकून तो कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग विचारलं, "आई काही म्हणाली होती?"

आजवर तिने हे विचारलं नसावं. त्यांचा चेहरा बघूनच मला ते समजलं.

"विचारत होती," ते म्हणाले. "दोनदा विचारलं. शाळा सुटली का, म्हणून."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सुटेल आता, म्हटलं."

ती सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही, रडली नाही. एखादी गोष्ट वडलांना माहीत नसावी आणि आता सांगायलाच हवी, अशा सुरात म्हणाली, "शेवटचे दोन तास ऑफ होते, बाबा. आम्ही फुली-गोळा खेळत होतो."

वडलांनी दोन्ही तळहात तोंडावर घेतले. भिंतीशी उभ्या असलेल्या गणिताच्या बाई एकदम खाली बाकावर बसल्या. "माझेच तास होते ते," त्या म्हणाल्या. "सकाळच्या तासानंतर मला पुन्हा तिच्यासमोर उभं राहवेना. म्हणून मी वर्गावर गेलेच नाही."

तो माणूस माझ्या खोलीत ओक्साबोक्शी रडला, आणि मी कागदपत्रं नीट लावत बसले, कारण हाताला काहीतरी हवं होतं. मुलगी आधी तशीच उभी होती. मग ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थोपटलं वगैरे नाही. नुसता ठेवला.

मी अर्जावर मंजूर लिहिलं आणि सही केली. मग हजेरीपट ओढला. मघाशी मी केवढं मोठं बोलले होते ते मला आठवत होतं, पण आयुष्यभर नियम पाळल्यावर माणसाला एखादा मोडायची पत मिळत असेल तर मी ती त्या दिवशी खर्च केली. लाल पेन घेतलं आणि सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवसाच्या चौकटीत हजेरी खोडून गैरहजेरी लावली. बाजूला सही केली, म्हणजे उद्या कुणी विचारलंच तर मला विचारावं.

"बघ," मी म्हटलं.

तिने बघितलं. "म्हणजे आता मी त्या दिवशी शाळेत नव्हते ना?"

"नव्हतीस."

तिने मान हलवली. शिपाई पुन्हा दारात आला, या वेळी खोकला नाही, सरळ म्हणाला की सगळे थांबलेत. मी यादी उचलली, सगळ्यात वरचं नाव खोडलं आणि उठले. मुलीला म्हटलं, "जा, खाली तुझ्या वर्गाबरोबर जाऊन बस." शाळेच्या पहिल्या दिवशी दुसरं काय सांगणार?

तेवढ्यात तिच्या वडलांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि टेबलावरचा आणखी एक कोरा कागद स्वतःच पुढे ओढला.

"बाई, आजचीही रजा पाहिजे होती. हिला घरी नेतो."

"कारण?" मी विचारलं. सवयीने निघून गेलं.

त्यांनी लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, "तो दिवस तिला सांगायचा राहिलाय."