म्हातारीची जागा

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या शोजेची भरतीला पन्नासेक बेटं दिसतात; ओहोटी लागली की शेकडो खडक दात विचकत वर येतात. सगळे ग्रॅनाइटचे, सगळे होड्या फोडायला टपलेले मेले! त्यातून घरी यायची वाट ज्याची त्याची. समुद्रातून बघताना किनाऱ्यावरचा म्हातारी नावाचा सुळका चर्चच्या मनोऱ्याखाली नीट एका रेषेत धरला, की आग्लाएच्या नवऱ्याची होडी सुखरूप आत येई. असली खूण घराबाहेर कोणी सांगत नसे, जावयालासुद्धा नाही.

आणि त्याच म्हातारीला मुकादम इव्हों सुरुंग लावत होता.

"हात लावू नकोस तिला!" आग्लाए ओरडली.

"का? तुझी सासू लागते?"

कामगार फिदीफिदी हसले. ही माणसं ब्रिटनीहून दगड फोडायला आलेली. बेटावरच्यांशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"बाई, एक कारण सांग, सोडतो तिला," इव्हों म्हणाला.

कारण अगदी जिभेवर होतं. एमाब्ल, तिचा नवरा, शेवंडं धरायला समुद्रात टाकलेले पिंजरे उचलायला गेला होता आणि तासाभरात परतणार होता. पण या उपटसुंभाला घरची खूण सांगायची?

"तुला कशाला सांगू, मेल्या?"

"मग हो बाजूला."

धडाम! म्हातारीच्या जागी कमरेएवढा ढिगारा उरला.

थोड्या वेळाने शीड दिसलं. पाणी झपाट्याने उतरत होतं. म्हातारी काही सापडेना, म्हणून एमाब्ल होडी भलतीकडेच, खडकांवर नेऊ लागला. आपण तोंड उघडलं असतं तर! इव्होंला ढकलून आग्लाए ढिगाऱ्यावर चढली. गुडघे सोलवटले. कमरेचं पांढरं फडकं सोडून तिने ते दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं.

होडी थबकली, वळली आणि सरळ आत आली.

"अस्सं! मनोऱ्याखाली होय?" इव्हों म्हणाला. त्याच्या चाळीस कामगारांनीही पाहिलं होतं.

एमाब्ल उडी मारून किनाऱ्यावर आला. "अगं, सगळ्या दुनियेला दाखवलीस आपली खूण! लाज नाही वाटली?"

आग्लाएने रक्ताळलेल्या गुडघ्यांवर फडकं दाबलं.

"नाही वाटली. उद्यापासून म्हातारी मीच," ती म्हणाली. "तू नुसतं फडक्याकडे बघून ये. आणि कुठे उभी राहणार, ते तुलाही सांगणार नाही."