मॅम प्रोसिंगची सही

सही करायला पुढे केलेला कागद मॅम प्रोसिंगनी एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि बोटाच्या टोकाने टेबलावरून जुनरेकडे परत ढकलला.

"शब्द चुकलाय."

गावप्रमुख कप्तान रोडेल पाल्मारेसने डोळे मिटून घेतले. बरांगायच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, सभागृहात सकाळपासून हे तिसरं प्रकरण होतं आणि पहिली दोन पटापट मिटली होती. बाहेर बास्केटबॉलच्या मैदानावर कुणीतरी भात वाळत घातलं होतं, ते राखायला बसलेल्या बाया खिडकीपाशी सरकून कान टवकारून बसल्या होत्या.

"कुठला शब्द, मॅम?"

"हा. मिसअंडरस्टँडिंग."

जुनरे बरांगायचा चिटणीस. तडजोडीचे कागद नगरपालिकेत इंग्रजीतून जायचे आणि त्याच्या इंग्रजीत भांडणाला एवढा एकच शब्द होता. एकाची कोंबडी दुसऱ्याच्या पातेल्यात शिजली, मिसअंडरस्टँडिंग. डोक्यात बाटली फुटली, मिसअंडरस्टँडिंग. नवरा दुसरीबरोबर पळाला आणि मळके कपडे घेऊन परत आला, तेही मिसअंडरस्टँडिंगच. नगरपालिकेने कधी हरकत घेतली नाही. शब्द सोयीचा होता, कारण त्यात चूक कुणाचीच नसायची.

पण मॅम प्रोसिंगनी हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. जुनरेला शिकवलं होतं, कप्तानालाही. एरवी त्या स्वतः पंचांच्या रांगेत बसायच्या. आज मात्र त्या समोरच्या खुर्चीत होत्या, कारण तक्रार त्यांच्याविरुद्ध होती आणि ती त्यांच्या धाकट्या बहिणीने, लिओनिसाने, केली होती.

"रोडेल, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळलं नाही, तर ते मिसअंडरस्टँडिंग," मॅम म्हणाल्या. "मी हिचं शिलाई मशीन हिला न विचारता चर्चच्या महिला मंडळाला देऊन टाकलं. ते हिला नीट कळलं. हिला राग येणार, हे मलाही कळत होतं. यात समजायचं राहिलं काय?"

खिडकीतून कुणीतरी फिसकन हसलं.

दोघी बहिणी बिनलग्नाच्या, एका घरात, एका चुलीवर म्हाताऱ्या झालेल्या. मशीन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लिओनिसा एकटी चालत सभागृहात आली आणि घराचा आपला अर्धा भाग वेगळा करून द्या, म्हणजे माझ्या वस्तूंना कुणी हात लावणार नाही, असं सांगून गेली. गाव चाट पडलं. पहिल्या बैठकीत मशीन परत आलं. दुसऱ्या बैठकीत मॅमनी माफीही मागितली, शुद्ध इंग्रजीत. आता फक्त सह्या राहिल्या होत्या. आज त्या झाल्या नाहीत तर प्रकरण वर कोर्टात जाणार, आणि तिथे घराच्या मधोमध भिंत पडणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे कप्तान दोघींनाही दर बैठकीत ऐकवत आला होता.

"बरं, मॅम. मग आर्ग्युमेंट लिहू?"

"आर्ग्युमेंटला मुद्दे लागतात, कारणं लागतात. इथं कारण कुणी दिलं?"

"डिस्प्यूट?"

"तो जमिनीचा. नाहीतर देशादेशांचा."

"फाइट लिहून टाकू का?" जुनरेने हळूच विचारलं.

"आम्ही काय झुंजीचे कोंबडे आहोत?"

कप्तानाने कपाळावर हात मारला. पंचांपैकी एकाने कुरकुरीत बिस्कोचो पावाची बशी मॅमपुढे सरकवली. मॅमनी ती बाजूला केली.

"आणि बिकरिंगही नको," त्या म्हणाल्या. वर्गात शिरल्यासारखा त्यांचा आवाज चढला होता. "ती रोजची कुरबुर. मीठ जास्त झालं, दार उघडं राहिलं. त्यासाठी कुणी पंच बसवत नाही. क्वारल लिही. एकमेकांना चांगलं ओळखणारी दोन माणसं रागाने भांडतात, त्याला क्वारल म्हणतात. क्यूनंतर यू, जुनरे. विसरू नकोस."

जुनरे मुकाट्याने नवा कागद टाइप करू लागला. तेवढ्यात लिओनिसाने बोट वर केलं.

"कप्तान, माझी पाळी आली का?"

या सभागृहात वकिलाला जागा नव्हती. ज्याचं त्याने बोलायचं, दुसऱ्याने त्याच्या वतीने बोलायचं नाही, मधे तोंड घालायचं नाही. मधे कुणी बोललं तर कप्तान पंजा वर करायचा. या प्रकरणात पंजा वर करून करून त्याचा खांदा भरून आला होता.

"बोला, तिया नीसा." लिओनिसाला सगळं गाव तिया, म्हणजे मावशी, म्हणायचं.

लिओनिसाने झग्याच्या सुरकुत्या गुडघ्यांवर सारख्या केल्या.

"क्वारलसुद्धा नाही," ती म्हणाली. "त्याला दोन माणसं लागतात ना? मी कधी भांडले?"

"इंदाय, तुला असं म्हणायचंय की..." मॅम धाकटीला लहानपणच्या लाडक्या हाकेने म्हणाल्या.

कप्तानाने पंजा वर केला. लिओनिसा त्या पंजाकडे बघत सावकाश, घाई नसल्यासारखी बोलू लागली.

"मागच्या वर्षी आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी मला विचारलं, कुठे दुखतंय? ही माझी मानांग, थोरली बहीण, म्हणाली, गुडघा. मी तीन महिने गुडघ्याला मलम चोळलं. दुखत होती कंबर."

खिडकीतल्या बाया खो खो हसल्या. पंचही हसले. मॅम हसल्या नाहीत.

"अगं, मग तेव्हाच का नाही..."

पंजा पुन्हा वर गेला.

"पडदे हिरवे मला आवडत नाहीत," लिओनिसा म्हणाली. "ईल माशाची आमटी आवडत नाही. शेजारच्या रेमेडिओसच्या मुलीच्या लग्नाला मला जायचं होतं. मानांगने कळवलं, नीसाला गर्दी सोसत नाही. मला गर्दी आवडते. या सभागृहातसुद्धा किती बरं वाटतं."

ती आणखी बरंच बोलली. मशीनचं नाव त्यात एकदाही आलं नाही. कप्तानाने दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा त्याचा धीर सुटला.

"तिया, तुम्हाला नक्की हवंय तरी काय? मशीन मिळालं, माफी मिळाली. अजून काय राहिलं?"

"काही नाही."

"मग करा सही. प्रकरण मिटलं. घरी जा."

"म्हणजे पुन्हा यायचं नाही?"

"कशाला यायचं?"

लिओनिसाने पेन उचललं. थोडा वेळ ते नुसतंच हातात धरलं.

"घरी माझी पाळी येत नाही," ती कप्तानाला हळू आवाजात म्हणाली आणि आज्ञाधारक मुलीसारखी खाली वाकून गोल अक्षरांत तिने सही केली.

जुनरेने कागद मॅमसमोर ठेवला. क्वारल हा शब्द बिनचूक लिहिलेला होता. कप्तानाने आपलं पेन टोपण काढून त्यांच्या हातात दिलं.

मॅम प्रोसिंग कागदाकडे बघत राहिल्या. तो एका पानाचा कागद वाचायला त्यांना इतका वेळ लागलेला कुणी कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं. लिओनिसा खिडकीबाहेरच्या बायांकडे बघत होती, आणि एकीने हात हलवला तेव्हा तिनेही हलवला.

मॅमनी पेनाला टोपण लावलं.

"हाही शब्द चुकलाय."

"मॅम!" कप्तान उभाच राहिला. "तुम्हीच तर सांगितलात!"

"मी सांगितलं म्हणजे बरोबरच असतं का?"

हे वाक्य मॅम प्रोसिंगच्या तोंडून गावाने आजवर ऐकलं नव्हतं.

"मुदत वाढवून घे, रोडेल. नियमात बसतं, मी पंच आहे, मला माहीत आहे. पुढच्या गुरुवारी बसू."

"आणि कारण काय लिहू? शब्द सापडत नाही म्हणून?"

"तेच लिही. आणि गुरुवारी पहिली पाळी हिची."

कप्तानाने हताश होऊन लिओनिसाकडे पाहिलं. "तिया, तुम्हाला चालेल? आज सगळं मिटत होतं हो."

"चालेल," लिओनिसा म्हणाली. इतक्या चटकन ती सकाळपासून एकदाही बोलली नव्हती.

दोघी बाहेर आल्या. लिओनिसाने छत्री उघडली, मॅम तिच्या सावलीत शिरल्या. भात उलथणाऱ्या एका बाईने दाताळं थांबवून हाक मारली.

"तिया नीसा, मिटलं का एकदाचं?"

मॅम प्रोसिंगचं तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं. त्या मैदानापलीकडच्या नारळीकडे बघत उभ्या राहिल्या.

लिओनिसा जरा वेळ वाट बघत थांबली.

"नाही गं," मग ती म्हणाली. "अजून पुष्कळ बाकी आहे."