पहिली नजर झेलणारा आरसा

मित्रांनो, मला स्वतःचा चेहरा नाही. जो समोर येतो त्याचाच चेहरा मी घेतो आणि तो गेला की देऊन टाकतो. निदान बरीच वर्षं तरी असंच चाललं होतं. आता मी जुना झालो आहे, कडेचा पारा उडाला आहे, आणि देऊन टाकता न आलेलं काहीतरी माझ्यात राहून गेलं आहे. त्याचीच ही हकीकत.

भट्टीतून निघालो तेव्हा मी नुसती काच होतो. मग कुणीतरी माझ्या पाठीला पारा लावला, लाकडी चौकट बसवली आणि मी आरसा झालो. माझे भाऊ न्हाव्याकडे गेले, शिंप्याकडे गेले, कुणी कपाटाच्या दारावर बसलं. मला एका मूर्तिकाराने नेलं. घेताना त्याने स्वतःचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. हातातली काठी समोर धरून ती सरळ दिसते ना, एवढंच बघितलं आणि मला गोणपाटात गुंडाळून काखेत मारलं.

त्याच्या कारखान्यात सगळ्यांचे देव बनत. नदीकाठच्या लोकांची माशाच्या शेपटीची देवी, डोंगरातल्यांचा शिंगवाला, व्यापाऱ्यांचा तीन तोंडांचा. ज्यांचा देव एकच आणि निराकार, ते मूर्ती घेत नसत. पण त्यांच्या प्रार्थनाघराच्या दारावरची वेलबुट्टीसुद्धा तोच कोरून देई.

मूर्तीचे डोळे मात्र अगदी शेवटपर्यंत कोरे असत. डोळे उघडताना देवाची जी पहिली नजर पडते ती माणसाला सोसत नाही, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. म्हणून तो मूर्तीकडे पाठ करून उभा राही, माझ्यात बघत खांद्यावरून कुंचला मागे नेई आणि बुबुळं रंगवी. पहिली नजर मी झेलत असे. मग तो माझ्यावर कापड टाकी, आणि तेव्हा कुठे मागे वळे.

मित्रांनो, तुम्हाला एक गंमत सांगतो. गंमत म्हणा, नाहीतर भीती म्हणा. मूर्ती कुणाचीही असो, ती नजर दर वेळी एकच असे. शेपटीच्या देवीतून जे कुणी बघे, तेच शिंगवाल्यातूनही बघे. कामावरून परतलेल्या माणसाने दारातूनच घरच्यांकडे बघावं, तसं ते माझ्याकडे बघे. मला ओळखत असे.

हे मूर्तिकाराला ठाऊक नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीला ऐकून फार आनंद झाला असता. ती निराकार मानणाऱ्या घरात दिली होती. नवरा गेल्यावर भावाकडे येऊन राहिली. कारखान्यात तिने कधी पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेर बसून ती धान्य निवडी आणि तिथूनच भावाला सुनावी.

"देव एकच आहे रे बाबा."

"असेल की. पण त्याला कपडे किती लागतात बघ ना, ताई. हात दुखून आले माझे."

"जिभेला हाड नाही तुझ्या."

"तुम्हा भावंडांचं एकदा काय ते ठरलं की मला सांगा," मूर्तिकाराची बायको आतून म्हणे. "तोवर मी पानं घेते."

त्यांची एकुलती एक मुलगी, बिट्टी. मातीच्या गोळ्या करत दिवसभर वडिलांच्या पायांत घुटमळणारी. आईने "बिट्टे" म्हणायचा अवकाश, की जिथे असेल तिथून ती "ओ" देई. पोत्याखालून, चौरंगामागून, एकदा तर रिकाम्या साच्याच्या पोटातून.

एक दिवस संग्रहालयाचा माणूस आला. जमिनीखाली कुठेतरी एक जुनं गाव सापडलं होतं, आणि त्या गावाच्या देवाची मूर्ती. तिचा अर्धा चेहरा झिजून गेला होता. तशीच नवी मूर्ती त्याला हवी होती, लोकांना बघायला ठेवण्यासाठी.

"नाव काय याचं?" मूर्तिकाराने विचारलं.

"वाचता येत नाही. ती लिपी येणारं कुणी उरलं नाही."

"आणि मानणारे?"

"तेही नाहीत. ते गाव बहुधा या एकालाच मानत असावं. दुसरी मूर्ती तिथे निघालीच नाही."

मूर्ती झाली. डोळ्यांचा दिवस आला. बायकोने सवयीने विचारलं, "अहो, आरसा?"

"याला कसला आरसा? मानणारंच कुणी नाही, तर नजर येणार कुठून? शोभेची वस्तू आहे ही."

तो बाजूला उभा राहिला आणि सरळ रंगवू लागला. मी शेजारच्या भिंतीवर होतो. माझं कापड एका कडेने सरकलं होतं. मूर्तीच्या पुढ्यात, पोत्यावर, बिट्टी गोळ्या वळत बसली होती. दुसऱ्या डोळ्याचं बुबुळ पुरं झालं आणि तिने मान वर केली. तिचे हात थांबले.

"हो," ती म्हणाली.

तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर ती तिथून हलेना. आई हाक मारी. "ओ" येत नसे. ताट पुढे केलं तर "मी जेवले" म्हणे. एका दुपारी आई तिच्याजवळ जाऊन बसली.

"कुणाशी बोलतेस गं सोन्या?"

"त्याच्याशी. तो विचारतो, बाकीचे कुठे गेले."

"कोण बाकीचे?"

"त्याच्या गावातले. मी म्हटलं, मला नाही माहीत. मग तो म्हणाला, तू आहेस ना."

तेवढ्यात मूर्तिकार आत आला. बिट्टीने त्याच्याकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी लागून हळूच विचारलं, "हे काका कोण?"

मूर्तिकाराच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"असं काय करतेस? बाबा आहेत ते."

"मी बाबांची नाही, असं म्हणून झालं," बिट्टी शहाण्या मुलीसारखं समजावू लागली. "आत्याची नाही, तेही म्हणून झालं. तो म्हणतो, फक्त माझीच म्हण. आता तुझं तेवढं राहिलंय."

आईने तिला छातीशी ओढलं आणि दाराकडे पाहिलं. "ताई, ऐकलंत? तुमच्यासारखंच एकच म्हणतोय हा."

आत्याच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं. "माझा असा नाही गं," ती म्हणाली. "तो लेकराला आईपासून तोडून मागत नाही." आणि उंबरा ओलांडून ती आत आली. "आरसा कुठे आहे रे तुझा?"

"आता काय उपयोग, ताई? पहिली नजर पडून गेली."

"मग दुसरी झेलू दे त्याला."

तिने मला खिळ्यावरून काढलं, माझं कापड दूर केलं आणि डोळे गच्च मिटून मला मूर्तीपुढे धरलं. तिच्या पाठीमागे आई बिट्टीला घेऊन बसली होती. मूर्तीकडे न बघता ती म्हणाली, पाहुण्याशी बोलावं तशी, "तू नको असं कुणी म्हणत नाही. पण ती माझी आहे, बाबांची आहे, आत्याची आहे. तूही ये. रांगेत बस."

मित्रांनो, मी त्या नेहमीच्या, ओळखीच्या नजरेची वाट बघत होतो. ती आली नाही. आली ती निराळीच. ती मला ओळखत नव्हती. माणसं दार उघडं टाकून निघून जातात ना, तशा घराच्या आतून बघितल्यासारखी ती होती. तिने माझ्यात स्वतःचा चेहरा पाहिला, बहुधा पहिल्यांदाच. मग माझ्या कोपऱ्याकोपऱ्यांतून ती बाकीच्यांना शोधू लागली. आत आत आली. आणि परत फिरली नाही.

"बिट्टे," आई म्हणाली.

आईने पुन्हा हाक मारली.

"बिट्टे."

"ओ," आईच्या पदरातून आलं. मग तिने डोकं बाहेर काढलं. "बाबा, तुमच्या नाकाला रंग लागलाय."

मूर्तिकार खाली बसून रडला. आत्याने मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मूर्ती संग्रहालयात गेली. तिचे डोळे नुसते रंगवल्यासारखे वाटतात, अशी तक्रार आली म्हणे. मूर्तिकाराने नवा आरसा आणला. मी माळ्यावर, गोणपाटाखाली पडून आहे. देव एक की अनेक, ते मला विचारू नका. सगळ्या मूर्तींतून एकच कुणीतरी बघे, हे मी पाहिलं. त्या एकातही न मावलेला हा एक माझ्यात आहे, हेही खरं. धूळ बसते, पारा सुटतो, आणि आतून तो विचारत राहतो, बाकीचे कुठे गेले. पारा पुरता सुटला की त्याला धरून ठेवायला माझ्याकडे काही उरणार नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. मला खाली उतरवा. ओल्या फडक्याने पुसा, पाठीला नवा पारा लावा आणि पुष्कळ माणसांची ये-जा असते अशा जागी टांगा. त्याचं कुणीच उरलं नव्हतं, म्हणून एकाच लेकराकडून त्याने सगळं मागितलं. जाता-येता पुष्कळांनी थोडं थोडं पाहिलं, तर कदाचित त्याचं भागेल.

तुम्हीही बघायला या. फक्त एकटे येऊ नका. कुणाचा तरी हात धरून या.