तिसरी जोडी

पाण्याच्या तपासणीत अर्धे आयुष्य घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर आलेल्या स्वच्छ पेल्याकडेही तो आधी संशयाने पाहतो आणि मगच तहानेने. ठकीचे बाबा त्या जातकुळीतले होते. शहराच्या पाणी-प्रयोगशाळेत ते रसायनतज्ज्ञ होते, आणि मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या मोसमात त्यांनी कचेरीतला सगळा संशय घरी आणून ठेवला होता.

संशयाला खाद्यही भरपूर होते. प्रवेश एकाच केंद्रीय पद्धतीने होत. कॉलेज आणि शाखा यांचे पर्याय पसंतीच्या क्रमाने लावायचे, यादी लॉक करायची, मग यंत्र गुणवत्तेच्या रांगेतल्या एकेकाला जागा वाटत जाणार. मामला इतका सरळ होता; पण सरळ गोष्टीवर माणसांचा विश्वास बसत नाही, त्यामुळे शेजारीपाजारी ज्याच्या त्याच्याकडे एकेक गनिमी कावा तयार होता.

त्यातला सर्वांत लाडका कावा घेऊन ठकीचा मामा आज दुपारी येऊन बसला होता. तो लोकांना मोटार चालवायला शिकवीत असे, आणि बोलताना शिष्याच्या चुकीची वाट पाहत असल्यासारखा त्याचा उजवा पाय सतत ब्रेकच्या तयारीत असे. यादी लॉक करण्याची मुदत संध्याकाळी संपणार होती.

“भावोजी, पहिल्या नंबरवर हमखास मिळणारं टाका. उगाच मोठ्ठं कॉलेज वर टाकलंत, तर यंत्राला वाटतं पोरगी हावरट आहे.”

“यंत्राला काही वाटत नाही.”

“तुम्हाला काय माहीत? माझी गाडी तर रुसते.”

“तुझ्या गाडीत कचरा अडकतो, त्याला तू रुसवा म्हणतोस.” बाबांनी चहाचे कप एका ओळीत मांडले. “हे बघ. ठकीचा नंबर आला की यंत्र विचारणार, पहिलं शिल्लक आहे? नसलं तर दुसरं, मग तिसरं. वरचं मागितलं म्हणून खालचं कुणी हिसकावून घेत नाही. उलट हमखास मिळणारं वर टाकलं तर तेच गळ्यात पडतं. आणि पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. घ्या, नाहीतर बाहेर पडा.”

मामाचा चेहरा पडला. “म्हणजे मनात आहे तेच लिहायचं? मग लोक एवढे सल्ले कशाला घेत फिरतात?”

“मनात काय आहे ते लोकांना माहीत नसतं म्हणून.”

हे वाक्य बाबांना स्वतःलाच आवडले. ते मनातल्या मनात एकदा घोळवूनच त्यांनी एकेका पर्यायाची एकेक अशा चिठ्ठ्या बाहेर काढल्या.

चिठ्ठ्यांची कल्पना त्यांचीच. माणसाला सगळी यादी एकदम लावायला सांगितली की तो हौस, भीती आणि शेजाऱ्यांचे टोमणे यांची भेसळ करतो. दोनच गोष्टी समोर ठेवून ‘दोन्ही हातात आल्या तर कोणती घेशील?’ असे विचारले तर भेसळीला वाव कमी. या पद्धतीने यादीचा तळ सकाळीच झटपट लागला होता. घोडे अडले होते ते वरच्या तीन जागांपाशी. एक, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजातले संगणक. दुसरे, बाबांच्या प्रयोगशाळेसमोरच्या कॉलेजातले रसायन. तिसरे, रात्रभर प्रवास करून गाठावे लागेल अशा एका जुन्या कॉलेजातले स्थापत्य.

“संगणक की रसायन?” बाबांनी विचारले.

“संगणक,” ठकी म्हणाली. “तूच म्हणतोस ना, तुझ्या धंद्यात राम नाही म्हणून.”

“मी पगाराबद्दल म्हणतो. असो. स्थापत्य की संगणक?”

“स्थापत्य.” उत्तर प्रश्नाच्या पायावर पाय देऊन आले.

आता तिसऱ्या जोडीची तशी गरज नव्हती. स्थापत्य संगणकाच्या वर, संगणक रसायनाच्या वर; हिशेब मिटला. पण मापन पडताळल्यावाचून सोडायचे नाही या शिस्तीपोटी बाबांनी रसायन आणि स्थापत्य या उरलेल्या जोडीच्या चिठ्ठ्याही पुढे ठेवल्या, आणि उत्तर ठाऊकच आहे म्हणून जरा सैलावून म्हणाले, “हे रसायनवालं आमच्या अगदी समोर. दुपारचा डबा दोघांना एकत्र खाता येईल. बोल.”

ठकीने चिठ्ठ्यांकडे पाहिले. पंख्याने एकीचा कोपरा उचलला, तो तिने बोटाने दाबून धरला.

“रसायन.”

“वा!” बाबा जवळजवळ आनंदाने ओरडले. “स्थापत्य संगणकाच्या वर, संगणक रसायनाच्या वर, आणि रसायन स्थापत्याच्या वर. सापानं स्वतःचीच शेपटी गिळली! तिन्ही उत्तरं एकदम खरी असू शकत नाहीत. एक तरी माप बिघडलंय.”

“म्हणजे पोरगी खोटं बोलली,” मामाने निकाल दिला.

“पोरगी नव्हे. परिस्थिती. माप घेताना बाहेरून काहीतरी मिसळलं.” त्यांची संशयी नजर खोलीभर फिरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोवर स्थिरावली. “मधे तू काहीतरी बोललीस.”

ठकीची आई न्यायालयात लघुलेखक होती. लोक काय म्हणाले आणि नंतर काय म्हणालोच नाही म्हणाले, या दोहोंमधले अंतर हा तिच्या नोकरीचा विषय होता.

“बोलले ना,” ती म्हणाली. “‘पंखा कमी करा, चिठ्ठ्या उडतील.’ यात मी कुठल्या कॉलेजची वकिली केली?”

“मग हा.” बाबांनी मामाकडे बोट दाखवले.

“मी तर कप धरून बसलोय, भावोजी! तुमचं वाटप मोडायला नको म्हणून चहासुद्धा प्यायलो नाही.”

“आता राहिलं कोण ते बघा,” आई म्हणाली, आणि जबानी वाचून दाखवावी तशा एकसुरी आवाजात पुढे बोलली, “‘हे रसायनवालं आमच्या अगदी समोर. दुपारचा डबा दोघांना एकत्र खाता येईल. बोल.’ शब्द न् शब्द तुमचा.”

प्रयोगशाळेत नवा माणूस आला की त्याला बाबा पहिला धडा एकच देत. नमुना घेताना बाटलीच्या तोंडाला बोट लावायचे नाही. लागलेच तर बाटली ओतून टाकायची आणि मुकाट्याने पुन्हा भरायची. बोट लावणारा बहुधा नवा नसतो, हेही ते त्यालाच सांगत. जुना, सरावलेला, उत्तर ठाऊक असलेला माणूसच निष्काळजी होतो.

“ठीक,” ते शेवटी म्हणाले. “चूक माझी. डबा वगळू. आता सांग.”

“वगळायचा कसा?” ठकीने विचारले. “तू म्हणालास ते खरंच आहे ना? का उगाच म्हणालास?”

“खरंच आहे.”

“मग ती भेसळ कशी? मलाही तसं वाटलंच की. मी तिकडे गेले तर तू फायलीत डोकं घालून एकटाच जेवणार. बऱ्याचदा जेवणारच नाहीस.”

मामाने हळूच कप खाली ठेवला. बाबांच्या सबंध शास्त्रात या प्रश्नाची सोय नव्हती. पाण्यात जे नसायला हवे ते ओळखायच्या कसोट्या त्यांच्यापाशी पुष्कळ होत्या. पण इथे मिसळलेली गोष्ट अशुद्ध नव्हती, ती फक्त दुसऱ्या बाटलीतली होती. हे लक्षात यायला त्यांना बराच वेळ लागला.

“ती माझी पसंती आहे, ठके,” ते म्हणाले. “तुझ्या यादीत तिचं काम नाही. मी काही अर्जदार नाही.”

“असतास तर पहिलं काय टाकलं असतंस?”

“डबाच. पण त्याला जागा मिळत नसते, म्हणून तर मी नियम वाचत बसलो.”

ठकी हसली नाही. “त्या स्थापत्यवाल्या कॉलेजात काचेच्या भिंतींची एक लांब पन्हळ आहे. तिच्यात पाणी सोडतात आणि कुठं खळखळतं, कुठं तुंबतं ते बघतात.” मग तिने नेहमीचा सूर पकडला. “तू आयुष्यभर सांगत बसलास, पाणी बिघडलंय, पाणी बिघडलंय. ते येतं त्या नळांचं कुणी बघायचं? सगळ्यांनी नुसती नावंच ठेवायची?”

“घ्या!” मामा म्हणाला. “भावोजी, हिला वकिलीला घाला.”

गेल्या वर्षी त्या कॉलेजातल्या जागा ठकीच्या क्रमांकाच्या बऱ्याच पुढपर्यंत गेल्या होत्या. आकडे बाबांनीच काढून ठेवले होते. वर टाकले की मिळणार, आणि पहिली पसंती म्हणून मिळाले की माघार नाही. यादीतल्या त्या पहिल्या ओळीचा अर्थ होता भरलेली बॅग. जुन्या आकड्यांवरून भविष्य सांगता येत नाही, असे ते एरवी कुणालाही सुनावत. आज मात्र त्या संशयाचा आधार घेण्याचा मोह त्यांना झाला आणि त्यांनी तो ओळखला.

“मी गच्चीत जातो,” ते उठत म्हणाले. “तू लाव. मी खोलीत असेन तर माप बिघडेल.”

गच्चीत दोरीवर ठकीचे मोजे वाळत होते. बाबांनी ते विनाकारण चाचपून पाहिले, वाळले होते. आत मामा काहीतरी म्हणाला आणि आईने त्याला गप्प केले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. अर्ज भरताना मोबाइल नंबर त्यांनी स्वतःचा दिला होता, पोरांचे फोन भलत्या वेळी बंद असतात म्हणून. त्यामुळे यादी लॉक करण्याचा सांकेतिक क्रमांक त्यांच्याकडेच यायचा होता. तो आला होता. तो सांगितल्यावाचून आतली यादी लॉक होणार नव्हती.

“बाबा! आला का?”

ते दारात आले. ठकी पडद्याकडे तोंड करून बसली होती. पडद्यावरची पहिली ओळ तिथूनही वाचता येत होती; त्यांनी ती वाचली. स्थापत्य.

“नीट बघितलंस? उलटसुलट?”

“बघितलं. डब्यासकट बघितलं.”

बाबांनी चष्मा वर केला, फोन हातभर लांब धरला आणि प्रयोगशाळेत नोंदी सांगतात तसा एकेक अंक सावकाश, सुटासुटा सांगायला सुरुवात केली. तिथली पद्धत अशी की लिहिणाऱ्याने प्रत्येक आकडा परत उच्चारायचा आणि सांगणाऱ्याने तो कबूल करायचा. ही पद्धत ठकीला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी सुट्टीत त्यांच्या टेबलाशी बसून तिने ती आपोआप उचलली होती.

“सात.”

“सात.”

“शून्य.”

“शून्य.”

शेवटच्या अंकापाशी ते थांबले. आईने वर पाहिले. मामाचा पाय ब्रेकवर गेला.

“चार,” बाबा म्हणाले.

“चार?”

“बरोबर.”