दादालाच येतं

शेवटच्या धडधाकट दिवशी आई संगणकापुढं खुर्ची ओढून वाट बघत बसली होती.

उभी हयात तिनं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधून डोळे शिणले, आणि आता नजरेच्या मधोमध एक धूसर डाग पडला होता. वाचायला घेतलेली ओळ नेमकी त्यातच बुडायची. पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो आणि तो फुकट मिळतो, असं धाकट्या लेकीनं तिला सांगितलं होतं. आईला एवढंच हवं होतं. लेक रजा काढून सकाळीच आली. सॉफ्टवेअरच्या दुकानाची खिडकी पडद्यावर उघडली, प्रोग्रॅम सापडला, इन्स्टॉलचं बटण दाबलं. उत्तर आलं: दुसरं काम चालू आहे, ते संपेपर्यंत थांबा.

थांबण्यात आईचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं.

लेकीनं पडद्यावरच्या खिडक्या बाजूला सारल्या, तेव्हा सगळ्यांच्या मागं दडलेली एक छोटी चौकट दिसली. ऑफिसला जाताना दादानं अपडेट सुरू करून दिलं होतं. अर्ध्यावर यंत्रानं विचारलं होतं, जुनी मांडणी ठेवायची की नवी घ्यायची? उत्तर द्यायला साहेब जाग्यावर नव्हते. आता 'जुनीच' म्हटलं असतं तर गाडं पुढं सरकलं असतं. लेकीनं माउसकडं हात नेला. आईनं तो हलकेच धरला.

"राहू दे. न विचारता केलंस तर घर डोक्यावर घेईल. येऊ दे त्याला."

या घरची रीतच तशी होती. घरातल्या पुरुषाला एखादी गोष्ट येत नाही, असं बाईनं म्हणायचं नाही. बाबांनी एकदा रेडिओ दुरुस्तीला म्हणून खोलला आणि पितळ उघडं पडायच्या आत पेपर वाचायला बसले. आईनं ते सगळे अवयव भाजीच्या पिशवीत घालून कारागिराकडं नेले. पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांपुढं बाबा त्या रेडिओवर थाप मारून म्हणत, स्वतः दुरुस्त केलाय. आणि आई चहा पुढं करत म्हणे, हो, यांच्या हाताला गुण आहे. बाबा गेले तेव्हा त्यांचं हे न येणारं सगळं ज्ञान दादाकडं वारसाहक्कानं आलं. संगणकाचा पासवर्डही त्याच्याचकडं राहिला.

संध्याकाळी दादा आला. वहिनीनं चहा दिला. मागच्या चौकटीत एक प्रश्न अडकलाय, असं बहिणीनं त्याला सांगून पाहिलं.

"मला शिकवू नकोस, छोटे. ऑफिसात अख्खा विभाग मला विचारून काम करतो."

त्या विभागाचं कसं चालत असेल, याची कल्पना मग सगळ्यांना आली. दादानं तेच बटण पुन्हा दाबलं, मग जोरात दाबलं. बहिऱ्याच्या दारावरची घंटा वाजवावी तसा तो ते दाबत राहिला. यंत्र थांबा म्हणत होतं, आणि थांबा म्हणवून घ्यायची त्याला सवय नव्हती. त्यानं उठून भिंतीवरचं बटणच बंद केलं. अर्धवट राहिलेलं अपडेट जागच्या जागी मेलं. पुन्हा चालू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या, आणि पुढं काही येईना.

मग दादा वळला.

"आई, दिवसभर तू कुठं कुठं हात लावलास?"

"लागला असेल माझाच हात कुठंतरी," आई म्हणाली. जेवताना मीठ पुढं सरकवावं, इतक्या सहज.

दादानं तिला मोठ्या मनानं माफ केलं. उद्यापासून संगणक आपल्या खोलीत, असं फर्मावलं. या वयात ही थेरं हवीत कशाला, हेही विचारलं. लेकीच्या ओठांवर शब्द आले होते. आईनं तिच्याकडं बघितलं आणि ते तिथंच राहिले. आई जेवली, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून झोपली, आणि सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते कुणाच्या हातात नव्हतं. वाचून दाखवणारा तो आवाज तिला एक संध्याकाळ ऐकवणं मात्र हातात होतं.

भेटायला येणाऱ्यांनी खोली भरली. मधल्या खुर्चीत दादा. त्याचे डोळे खरोखर सुजले होते. रडण्यासाठी कुणाच्या मदतीची गरज लागत नाही. तो मावशीला सांगत होता, "भोळी होती गं. यंत्रातलं तिला काही कळायचं नाही. सगळं मलाच बघावं लागायचं."

माना डोलल्या. दारात कपांचा ट्रे घेऊन उभी असलेली वहिनी खालच्या मानेनं म्हणाली, "हो, यांनाच येतं सगळं."

आईची जागा रिकामी राहिली नव्हती. एका दिवसातच भरली होती.

धाकटी उठली. तिनं वहिनीच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि खाली ठेवला.

"दादा, तुला येत नाही," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "बाबांनाही येत नव्हतं. आईला दोन्ही ठाऊक होतं."