कन्हानच्या डोहातलं नवं जाळं

देवराव ढिवराचा राग म्हणजे पऱ्हाटीचा जाळ, पेटला की भडकलाच. मौद्याच्या खालच्या अंगाला, कन्हान नदीच्या डोहात त्याचं नायलॉनचं जाळं रात्रभर तळाशी ताणलेलं असायचं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, थोडी ढील ठेव, असं धाकट्या भावाने, अमोलने त्याला दहादा सांगितलं होतं. देवराव ऐकेल तर शपथ! गुदमरून मेलेली कासवं जाळ्यातून निघतच होती.

त्या सकाळी जाळं हिसके देत होतं. काठाशी लावलेल्या डोंग्यात अमोलने सुरी काढली.

"कापशील तर याद राख! नवं जाळं हाय," देवराव ओरडला.

"अजून जित्तं हाय ते कासव, भाऊ. गुदमरून राहिलं."

"मंग मरू दे! मासोळ्या खाते, जाळं फाडते, अन् तुले त्याचा पुळका काहून गा?"

देवरावने त्याच्या मुस्कटात मारली, सुरी हिसकावली आणि डोहात भिरकावली. ओठातलं रक्त थुंकत अमोलने कासव सोडवायला उडी घेतली, ती अंगातल्या शर्टासकट. जाळ्यापाशी बटणाचं कापड घालून उतरू नये, हे ढिवराच्या लेकराला बोलता येण्याआधी कळतं. पण डोकं फिरलं की शिकलेलं कुठचं आठवतं!

बटणं अडकली. त्याने झटका दिला तसा फास गळ्याभोवती आवळला. वर नुसते बुडबुडे आले.

देवरावने उडी मारली, दोर ओढले, बोटं हाडापर्यंत चिरली, पण नायलॉन तुटेना. सुरी तर त्यानेच फेकली होती. शेवटी त्याने जाळं दातांनी तोडलं. एक दात तिथेच गेला. निळ्या पडलेल्या भावाला आणि त्याच गुंत्यातल्या कासवाला त्याने रेतीवर ओढलं.

अमोल पाणी ओकला. देवरावला रडू कोसळलं, आणि रडता रडताच त्याने डोंग्यातलं वल्हं उचललं.

"याच्यापायी मेला असता माया भाऊ!"

वल्हं उतरायला आणि अमोल कासवावर आडवा पडायला एकच गाठ पडली. अमोलची बरगडी मोडल्याचा आवाज देवरावने स्वतःच्या कानांनी ऐकला.

"भाऊ," अमोल कण्हत म्हणाला, "खाली मी तुले हाक मारून राहिलो होतो. आवाजच निघेना, याच्यावानी."

देवरावच्या हातून वल्हं गळून पडलं. कासवाच्या मानेत फास रुतला होता. देवराव गुडघ्यावर बसला आणि त्याने रक्ताळलेलं तोंड फासाला लावलं. कासवाने त्याच्या गालाचा लचका तोडला. देवरावने तोंड काढलं नाही, दोर तुटेपर्यंत.