जुन्या चिपसेटचा बोर्ड

"आधी चिपसेट कुठला ते सांगा," फिरदोस म्हणाली.

सात रस्त्यावरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरमागं बसलेल्या महेश्वरनं तिच्याकडं न बघता तिच्या भावाला, सोहेबला, उत्तर दिलं. "दाजी, ह्यो मदरबोर्ड घ्या. एकदम लेटेस्ट हाय. लाइटा बघा कशा पळतेत."

सोहेब रिक्षा चालवायचा. कॉम्प्युटरमधलं त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण तो पुरुष होता, म्हणून सगळी माहिती त्याला पुरवली जात होती, आणि तोही गंभीर चेहऱ्यानं मान डोलावत होता. फिरदोसला दोघांचाही वीट आला. सकाळपासूनचं हे तिसरं दुकान होतं.

"तो नाही चालणार," ती म्हणाली. "नव्या चिपसेटवर जुनं विंडोज चढत नाही. आणि जुन्या विंडोजशिवाय माझं सॉफ्टवेअर उघडत नाही. शिवाय पॅरलल पोर्ट पायजे."

महेश्वर हसला. "पॅरलल? चाची, ते कवाच गेलं की. काय, नातवाला गेम खेळायला पायजे व्हय?"

"लग्न केलं नाही मी. नातू कुठनं आणू?"

फिरदोस चोवीस वर्षं चनमल्लप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनं काढत होती. कागदावरचं फूल पडद्यावर एकेक चौकोन भरत उतरवायचं, मग त्यावरून मागाची भोकाभोकांची कार्डं पाडायची. चौकोन चुकला की धागा चुकला. चनमल्लप्पा वारल्यावर त्यांचा मुलगा बसवराज खुर्चीवर बसला. वडील रोज मागावर उभे राहत. याला माग चालू आहे की बंद, हे आवाजावरूनच काय ते कळायचं. त्यानं नवं सॉफ्टवेअर घेतलं, ते चालवायला पुण्याहून माणूस आणला आणि फिरदोसला शाल, नारळ आणि तिचाच जुना कॉम्प्युटर देऊन निरोप दिला. "घेऊन जा ताई, नाहीतरी भंगारातच टाकणार होतो," असं तो माइकवर बोलला आणि स्वतःच हसला.

त्या भंगारात तिची चारशे डिझाइनं होती. ती उघडायची तर मागच्या पॅरलल पोर्टात, म्हणजे जुन्या प्रिंटरची वायर लागायची त्या रुंद खाचेत, सॉफ्टवेअरसोबत आलेलं आगपेटीएवढं लॉक लावावं लागे. सॉफ्टवेअर करणारी कंपनी बंद पडून जमाना झाला होता. दुसरं लॉक मिळणार नव्हतं. आणि ऐन वेळी मदरबोर्ड जळला. गल्लीतल्या सिद्धलिंगप्पांनी आपल्या चार मागांचं काम तिला देऊ केलं होतं, पण पहिलं डिझाइन त्यांना सोमवारी हवं होतं. नाहीतर ते दुसरा माणूस बघणार होते.

"मग यूएसबीचं कन्व्हर्टर न्या की," महेश्वर म्हणाला.

"त्याच्यावर प्रिंटर चालतो. लॉक चालत नाही."

"चालतंय हो चाची. धा वर्षं झाली, हेच करतोय आमी."

फिरदोसनं पर्समधून एक कन्व्हर्टर काढून काउंटरवर ठेवला. "हे मागच्या दुकानातनं घेतलं. त्यांनीबी धा वर्षंच सांगितली होती."

तेवढ्यात तिला खालच्या फळीवर धुळीत पडलेला एक खोका दिसला.

"तो द्या."

"ते एच-एक्क्याऐंशी. जुना चिपसेट. ते कोण न्हेत न्हाय."

"तोच पायजे."

त्यानं नाइलाजानं खोका उघडला. तिनं बोर्डाला हातही लावला नाही. आधी आतलं पुस्तक काढलं, आकृतीचं पान उघडलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. पोर्ट नव्हता, पण तो जोडायच्या पिना होत्या. जोडायची वायर जुन्या कॉम्प्युटरमधून काढून तिनं जपून ठेवली होती.

"आयला, हाय की!" महेश्वर म्हणाला. दहा वर्षं ज्या मालावर तो बसला होता, त्याचं पुस्तक त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. "दाजी, तुमच्या बहिणीला लई माहिती हाय की."

"तिलाच सांग ना," सोहेब म्हणाला. "मला काय कळतंय यातलं?"

महेश्वरनं प्रोसेसर काढून ठेवला. तिनं तो उलटा करून पाहिला आणि परत सरकवला. "ही तिसरी पिढी. या बोर्डाला चौथी लागते. हा बसणारसुद्धा नाही त्याच्यात."

चौथ्या पिढीचा घेऊनच ती निघाली आणि घरी चटईवर बसून तिनं सगळं स्वतः जोडलं. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. तिनं रॅम काढून पुन्हा बसवली. दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर उघडलं. सोमवारी सिद्धलिंगप्पांच्या मागावर कार्डं चढली.

पंधरा दिवसांनी बसवराज स्वतः तिच्या दारात आला. बूट न काढताच आत शिरला.

"ताई, ते पारव्यांच्या किनारीचं डिझाइन पाहिजे. परदेशची ऑर्डर आहे. जुनी कार्डं तर आम्ही रद्दीत घातली. आमच्या माणसानं काढून बघितलं, पण कोंबडी दिसतेय."

फिरदोसनं डिझाइन उघडलं. डहाळीवर दोन पारवे, चोचीला चोच.

"हेच! पेनड्राइव्हवर टाका."

"तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये हे उघडत नाही."

"मग चौकोनांचा ग्राफ छापून द्या. शेवटी कारखान्याचंच आहे ना ते?"

"यात एक चूक हाय," ती म्हणाली. "अठरा वर्षं तशीच विणली गेली. कुठं हाय ते दाखवा आणि घेऊन जा."

बसवराज वाकला. चोच पाहिली, डोळा पाहिला, डहाळीची पानंसुद्धा मोजल्यासारखं केलं. "झकास तर आहे की."

"तुमच्या वडलांनी टॉवेल हातात घेतल्या घेतल्या दाखवली होती. माल विणून झाला होता, म्हणून राहू दे म्हणाले."

"म्हणजे देणार नाही?"

"तुमच्या माणसाला कोंबडीच विणू द्या. गिऱ्हाइकाला पारवा म्हणून सांगा. तुमाला कळत नाही, तसं त्यांनाबी कळणार नाही."

तो काहीतरी पुटपुटत बाहेर पडला. त्याची गाडी गल्लीत वळेना. बराच वेळ ती हॉर्न वाजवत मागं-मागं जात राहिली.

फिरदोसनं डावा पारवा मोठा केला. त्याच्या एका पायाला पुढं तीनच्या जागी दोनच बोटं होती. चौकोन-चौकोन भरत तिनं तिसरं बोट काढलं, ते डहाळीवर नीट टेकलंय की नाही ते पाहिलं. हे डिझाइन चनमल्लप्पांसाठी काढलेलं होतं; दुसऱ्या कुणाच्या मागावर ती ते चढवणार नव्हती. तिनं ते सेव्ह करून बंद केलं आणि सिद्धलिंगप्पांचं काम पुढं ओढलं.